निफाड आणि ऐंशी जागा

गेले बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. लिहीन लिहीन म्हणतो आणि राहून जातं. आज बसलोच.

आमच्या निफाडचं नाव बाहेर सांगितलं की लोकांना तीन गोष्टी आठवतात. द्राक्षं, कांदा (लासलगाव आमच्याच तालुक्यात, बरं का!) आणि थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की दुसऱ्या दिवशी पेपरात निफाड गारठल्याची बातमी येते आणि पुण्यामुंबईच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन सुरू होतात. चौथी गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा.

आम्हा शाळकरी पोरांना ही गोष्ट वर्षातून दोनदा तरी ऐकवली जायची. शाळेत कुणी पाहुणे आले की भाषणाचा शेवट ठरलेला. रानडे याच मातीतले, तुम्हीही असाच अभ्यास करा आणि मोठे व्हा. आता गंमत अशी की रानडे निफाडात शिकलेच नाहीत. वडिलांच्या नोकरीमुळे ते लहानपणीच कोल्हापूरला गेले, तिथे शिकले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. निफाडने त्यांना जन्म दिला आणि लगेच सोडून दिलं. पण एका बाबतीत ते खरोखर आमच्या गावातल्या सगळ्या पोरांचे पूर्वज आहेत. परीक्षा देऊन वर जाणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडे ज्यांनी सर्वात आधी अनुभवलं, त्या पहिल्या मूठभर मुलांतले ते एक.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली १८५९ साली. मुंबई इलाखा केवढा मोठा, पार सिंधपासून कर्नाटकापर्यंत. त्यातून पास झालेली मुलं वीस-बावीसच. त्यात रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली त्यातले चारजण बी. ए. झाले आणि विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरले. रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे १८६६ मध्ये रानडे एलएल. बी. झाले.

ही झाली भाषणात सांगायची बाजू. न सांगितली जाणारी बाजू अशी की वाचून वाचून रानड्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ त्यांना वाचन बंद ठेवावं लागलं. आणि त्या पहिल्या पिढ्यांतले कितीतरी हुशार पदवीधर पन्नाशी गाठायच्या आत गेले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली गेले तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते. आपले पदवीधर इतक्या लवकर का मरतात, हा प्रश्न खुद्द रानड्यांनी जाहीरपणे मांडला. परीक्षेने ज्यांना सर्वात जास्त दिलं त्यांच्यातल्याच एकाने हा प्रश्न विचारावा, हे मला फार मोलाचं वाटतं. स्वतः रानडे १६ जानेवारी १९०१ ला गेले. एकोणसाठ पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते.

आमच्या शाळेतल्या एकाही भाषणात हा भाग आल्याचं मला आठवत नाही. असो.

आता थोडं घरचं. (नातेवाईक मंडळी हे वाचतात हे ठाऊक आहे, तपशील चुकला तर आत्या फोन करेलच!)

आमचे आजोबा 'फायनल झालेले' होते. आजच्या पोरांना हा शब्द कळायचा नाही. त्यांना फायनल म्हणजे क्रिकेटची. पण एकेकाळी मराठी सातवीच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असे आणि खेड्यात ती पास होणारा माणूस म्हणजे मोठं प्रस्थ. फायनल झालं की प्राथमिक शिक्षक होता येई, तलाठ्याची नोकरी मिळण्याची आशा धरता येई. आजोबांची फायनल १९३० च्या दशकातली. निफाड स्टेशनातून रेल्वेने नाशिक रोड, तिथून पायी. सोबत भाकरी, चटणी आणि एक घोंगडी. पहिल्या वर्षी गणितात गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसले आणि पास झाले. मग आयुष्यभर मास्तर.

ही दुसऱ्या वर्षाची गोष्ट ते फार रंगवून सांगत. नापास होऊन आल्यावर वडिलांनी एक शब्द विचारला नाही, दुसऱ्या दिवशी सरळ मोटेवर उभं केलं. आजोबा म्हणत की दोन महिने मोट हाकली आणि गणित आपोआप समजलं. :-)

मला आता या गोष्टीतली वेगळीच बाब दिसते. आजोबांच्या परीक्षेत पुन्हा बसता येत होतं. फायनलला ठराविक जागा नव्हत्या. तुम्हाला यायला हवं तेवढं आलं की तुम्ही पास. शेजारचा पास झाला म्हणून तुमची जागा गेली, असं काही नव्हतं. परीक्षा अवघड होती, नापास खूप होत, पण ती मुलाला विचारत होती की तुला एवढं येतं का? 'तू शेजाऱ्यापेक्षा वरचढ आहेस का' हा प्रश्न नंतर आला.

तो आला शिष्यवृत्ती परीक्षेसोबत. स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकापासून, चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा गावोगाव पोचल्या. माझ्या पिढीला त्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता. शिष्यवृत्तीची रक्कम तशी किरकोळच असे, पण यादीत नाव आलं की शाळेच्या फळ्यावर ते रंगीत खडूने लिहिलं जाई आणि महिनाभर पुसलं जात नसे. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या यादीवर पुढचे दरवाजे उघडत. साठच्या दशकात राज्य सरकारने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतनं काढली, आपल्या बाजूचं धुळ्याला. साताऱ्याला १९६१ साली देशातलं पहिलं सैनिक स्कूल निघालं. खेड्यातल्या मुलाला दहाव्या-अकराव्या वर्षी उचलून चांगल्या शाळेत, वसतिगृहात नेऊन ठेवायचं, ही कल्पना तेव्हाची.

आमची आत्या साठच्या दशकाच्या सुरुवातीला चौथीच्या शिष्यवृत्तीत आली. घरातलं पहिलं नाव फळ्यावर लागलं ते तिचं. माझ्या वडिलांचं नाही, दोन्ही काकांचंही नाही. आत्याला गणितात पैकीच्या पैकीला दोन-तीनच कमी होते, असं आजोबा शेवटपर्यंत सांगत. पण पुढे काय? सैनिक स्कूलमध्ये मुलींना घेत नसत. साताऱ्याच्या त्या शाळेत मुली जायला लागल्या त्या २०२१ मध्ये, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी. आणि दूरच्या शाळेत मुलीला पाठवायला आजी तयार झालीच नसती. आत्या सातवीपर्यंत शिकली. शिष्यवृत्तीच्या पैशातून तिच्यासाठी वह्या आल्या आणि धाकट्या भावांसाठी चपला. सोळाव्या वर्षी लग्न.

आत्याने याबद्दल कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. पण कांद्याच्या पट्टीचा हिशेब ती अजून तोंडी करते आणि अडत्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी तिचं उत्तर तयार असतं. परीक्षेने तिला बरोबर ओळखलं होतं. ओळखून पुढे काही करायला मात्र कुणी तयार नव्हतं. परीक्षा चांगली की वाईट यावर वाद घालणारे लोक हे विसरतात असं मला वाटतं. परीक्षा फक्त बोट दाखवते. शाळा, वसतिगृह आणि घरची माणसं नसतील तर त्या बोटाचा काही उपयोग नाही.

मग आलं नवोदय.

१९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही योजना आली आणि जिल्ह्याला एक या हिशेबाने शाळा निघत गेल्या. आज देशात त्या साडेसहाशेच्या घरात आहेत. (तमिळनाडूत मात्र एकही नाही, भाषेच्या धोरणावरून.) नाशिक जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावला. सहावीत प्रवेश, राहणं-खाणं-शिक्षण मोफत, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, एक तृतीयांश मुलींना. पाहा, आत्याच्या वेळी जे नव्हतं ते इथे कागदावर लिहून ठेवलेलं आहे. योजना म्हणून मला हे आजही अतिशय चांगलं वाटतं.

परीक्षा दोन तासांची. आज तिच्यात ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यातले निम्मे गुण मानसिक क्षमतेच्या ४० प्रश्नांना आणि उरलेले गणित व भाषा यांना. मानसिक क्षमता म्हणजे सगळ्या आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, क्रम पूर्ण करा, आरशातली प्रतिमा ओळखा, लपलेली आकृती शोधा. आणि सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसं दिसेल!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ही परीक्षा दिली. आमचे गुरुजी सकाळी शाळेच्या आधी जादा तास घेत, एक पैसा न घेता. निफाडच्या थंडीत सहा वाजता. तोंडातून वाफा निघत आणि बोटांत पेन्सिल धरवत नसे. घडीचा प्रश्न कुणालाच समजेना तेव्हा गुरुजींनी जुने पेपर आणले, प्रत्येकाला एक बाभळीचा काटा दिला आणि सांगितलं, घडी घाला, टोचा, उघडा. आठवडाभर आम्ही पेपर टोचत होतो. आरशातल्या प्रतिमेसाठी मी वडिलांचा दाढीचा आरसा पळवत असे आणि वडील अर्धी दाढी तशीच ठेवून मला हाका मारत.

वर्गातून आम्ही नऊजण बसलो. निवड झाली एकाची, माझ्याच बाकावरच्या मित्राची. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आमच्या वेळी गुण कळत नसत, त्यामुळे एका गुणाने हुकलं की पन्नासने, हे मला आजतागायत माहीत नाही. आणि ही परीक्षा एकदाच देता येते. आजोबांसारखं मोट हाकून पुढच्या वर्षी पुन्हा बसायची सोय नाही.

मित्र खेडगावला गेला. मोठ्या सुट्टीत आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट, बूट आणि हिंदी. आम्हाला हेवा वाटला. बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघंही बापे झाल्यावर, त्याने सांगितलं की पहिले सहा महिने तो रोज रात्री पांघरूण तोंडात धरून रडायचा. नववीत नवोदयची काही मुलं वर्षभर हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात आणि तिकडची इकडे येतात. त्यात तोही गेला. शाळेबद्दल तो कृतज्ञ आहे. आज जो आहे तो त्या शाळेमुळेच, असं तो स्वतः म्हणतो. फक्त अकराव्या वर्षानंतर आईच्या हातचं रोजचं जेवण त्याला पुन्हा कधी मिळालं नाही, हेही तो मोजतो. आम्ही हुकलेले आठजण काय मोजतो ते वेगळं. त्यातले दोघं शिक्षक, एक बँकेत, एकाचं पिंपळगावला खतांचं दुकान, तिघांच्या द्राक्षबागा आणि एक मी.

आता जरा जगात डोकावू. कारण हा प्रश्न काही फक्त निफाडचा नाही.

इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेण्याची पद्धत देशभर रूढ झाली. तिचं नावच 'इलेव्हन प्लस'. वरची मुलं ग्रामर स्कूलला, बाकीची बहुतेक सेकंडरी मॉडर्नला. कल्पना अशी की बुद्धी मोजता येते आणि अकराव्या वर्षी ती बरीचशी ठरलेली असते. बुद्धी मोजायच्या चाचण्या मुळात पॅरिसच्या आल्फ्रेड बिनेने १९०५ साली तयार केल्या, त्या शाळेत मागे पडणाऱ्या आणि जास्त मदतीची गरज असलेल्या मुलांना शोधायला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात त्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवल्या. कुणाला आधार द्यायचा हे ठरवण्यासाठी काढलेलं साधन पुढे कुणाला आत घ्यायचं हे ठरवण्यासाठी वापरलं गेलं.

पण इंग्लंडात मजा पुढेच झाली. ग्रामर स्कूलच्या जागा सगळीकडे सारख्या नव्हत्या. वेल्समध्ये पुष्कळ, काही परगण्यांत फारच थोड्या. त्यामुळे एकच मूल एका गावात 'हुशार' ठरलं असतं आणि शेजारच्या परगण्यात 'साधारण'. शिवाय त्या वयात मुली मुलांपेक्षा सरस ठरत, म्हणून अनेक ठिकाणी मुलींसाठी उत्तीर्णतेची रेघ वर ठेवली जाई, मुलग्यांना जागा मिळाव्यात म्हणून! हे जसजसं लोकांना कळत गेलं तसा या परीक्षेवरचा विश्वास उडत गेला. १९६५ साली सरकारने ही पद्धत मोडीत काढायची दिशा दिली आणि हळूहळू बहुतेक भागांतून ती गेली. केंटसारख्या काही भागांत मात्र ती आजही आहे.

हे वाचलं आणि मी आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडला. नवोदयमध्ये सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. नाशिक जिल्ह्यात तालुके पंधरा. सरासरी काढली तर तालुक्याला पाच-सव्वापाच जागा. आणि एकट्या निफाड तालुक्यात शंभरावर गावं. म्हणजे वीस गावांत एक मूल!

आता दुसरा हिशेब. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती. सिंधुदुर्गाची साडेआठ लाख. नवोदय दोन्ही जिल्ह्यांत एकेकच, कारण नियम जिल्ह्याला एक असा आहे. लोकसंख्येत फरक सातपटीचा. आमच्या वर्गातले आम्ही आठजण सावंतवाडीत जन्मलो असतो तर कदाचित आमच्यातल्या आणखी एखाद्याची निवड झाली असती. आमचा मेंदू तोच असता, काटाही बाभळीचाच असता. (कोकणात बाभूळ मिळते का, हा प्रश्न कोकणी वाचकांवर सोडतो.)

म्हणजे या परीक्षेचा निकाल मुलाबद्दल काही सांगतो हे खरं, पण त्याहून जास्त तो जागांबद्दल सांगतो. निवड झालेलं मूल हुशार असतं यात शंका नाही. निवड न झालेल्या मुलाबद्दल मात्र त्या यादीतून एवढंच कळतं की जागा ८० होत्या. खरं म्हणजे नापास झालेल्यांची यादी नवोदय लावतच नाही. ती यादी आपण घरी बसून तयार करतो, मुलाच्या डोळ्यांदेखत.

मग परीक्षाच काढून टाकावी का? बालशिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि त्याने शाळाप्रवेशासाठी मुलांच्या चाळण्या लावायला बंदी केली. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी आपल्या राज्यात सोडत काढतात. नवोदयसारख्या शाळांची निवड परीक्षा मात्र चालूच राहिली. सोडत जास्त न्याय्य, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सोडतीत हरलेलं मूल स्वतःला 'ढ' समजत नाही. पण मला आत्या आठवते. चिठ्ठी टाकून तिचं नाव निघालं असतं तर घरात कुणालाच कळलं नसतं की या पोरीला गणित येतं. फळ्यावरच्या त्या नावाने निदान एवढं केलं की आजोबांनी माझ्या बहिणींना शिकवलं. मोठ्या ताईच्या कॉलेजचा पहिला हप्ता त्यांच्या पेन्शनमधून गेला. तेव्हा त्यांनी आत्याचं नाव घेतलं होतं. म्हणून परीक्षा जावी असं मी म्हणणार नाही. जागा वाढाव्यात, मोठ्या जिल्ह्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात शाळा मिळाव्यात, आणि ज्या गावच्या शाळेत उरलेली मुलं जातात त्या शाळेकडेही तेवढंच लक्ष जावं, असं मात्र नक्की म्हणेन.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण घरातच आहे. माझी पुतणी यंदा नवोदयला बसली. तिचे जादा तास बाभळीच्या काट्याचे नव्हते. वर्षभर खासगी क्लास, रविवारी सराव परीक्षा, मोबाईलवर प्रश्नसंच आणि पालकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला गुणांची उतरती यादी. शेवटच्या दोन महिन्यांत ती रात्री झोपेत 'पर्याय क्रमांक तीन' असं बडबडायची, हे वहिनीनेच मला सांगितलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने मला फोनवर विचारलं, "काका, मी नाही लागले तर बाबांचे क्लासचे पैसे परत मिळतील का?"

दहा वर्षांची पोर. मला काही सुचेना. "अगं, पैसे शिकवण्याचे दिलेत, निकालाचे नाही," असं काहीतरी बोललो. उत्तर बरोबर होतं, पण तिच्या प्रश्नाला ते पुरणारं नव्हतं. तिचा खरा प्रश्न असा होता की मी घराला महाग पडले का?

दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितोय. तू काही वावगं केलं नाहीस. दोन वर्षं द्राक्षांना भाव नसताना तू क्लासची फी भरलीस, ती तिच्यावरच्या विश्वासानेच. पण निकाल लागायच्या आधी तिला तीन गोष्टी सांग. मी सांगून चालणार नाही, तूच सांग. एक, जागा ८० आहेत आणि तालुक्याच्या वाट्याला सरासरी पाच येतात. भागाकार तिला येतो, तिचा तिलाच करू दे. दोन, तिचे पणजोबा गणितात नापास झाले होते आणि नंतर तीस-बत्तीस वर्षं त्यांनी गणितच शिकवलं. तीन, या वर्षात ती जे शिकली ते कुणी परत मागायला येणार नाही.

आणि लागली तर? तर तिला खेडगावला सोडायला आपण सगळे जाऊ, पण पहिल्या सहा महिन्यांत भेटीचा एकही रविवार चुकवायचा नाही. माझ्या मित्राला भेटायला दोन महिन्यांतून एकदाच कुणी यायचं, कारण एस.टी.चं भाडं परवडत नसे. आपल्याला ती अडचण नाही. खेडगाव काही लांब नाही.

पुढे आणखी परीक्षा आहेतच. शिष्यवृत्ती मध्यंतरी चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली (२०१७ मध्ये पाचवी-आठवीची पहिली परीक्षा झाली) आणि २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीकडे न्यायचं ठरवलं. रक्कमही २०२३ मध्ये वाढली, पाचवीला वर्षाला पाच हजार झाली. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने क्षणभर विचार करून विचारलं, "तीन वर्षांचे पंधरा हजार. पोरीच्याच नावावर जमा होतात का रे?" मी म्हटलं, तिच्या खात्यावर.

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली.